खंडारेंच्या घरी चालू झालेली डिस्क

बाळ तिरोडकर कॉम्प्युटरला हात लावण्याआधी चपला काढायचा. स्वतःच्या घरात काढायचाच, पण दुसऱ्याच्या घरी, जिथं घरचीच माणसं स्लिपर फटफटवत हिंडत असायची, तिथंही हा दाराशी चपला काढून, पाय पायपुसण्यावर घासून मगच आत शिरायचा. लोकांना वाटायचं, काय सोवळ्याचा माणूस आहे. सोवळं-बिवळं काही नव्हतं. अंधेरीच्या एमआयडीसीत तो ज्या औषधांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता तिथं पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्यासाठी काचेची खोली बांधली, एसी बसवला आणि दारावर पाटी लावली की पादत्राणं बाहेर. साहेबलोकांनाही बूट काढावे लागत. एका मोठ्या साहेबाच्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला अख्ख्या स्टोअरनं पाहिला होता. आणि स्टोअरच्या माणसांपैकी त्या खोलीत जायची परवानगी मिळालेला पहिला माणूस म्हणजे बाळ. गाभाऱ्यातून बाहेर येणाऱ्या गुरवासारखा चेहरा करून तो त्या खोलीतून बाहेर यायचा.

शिकवलं त्याला कुणी नाही. दुरुस्तीला इंजिनियर आला की हा स्क्रू धरायला उभा. इंजिनियर काय दाबतो, कुठल्या पानावर जातो, काय बदलतो, सगळं डोळ्यांनी उचलायचं आणि तो गेला की मनात घोळवायचं. असं करत करत रिटायर होईपर्यंत बाळ चारकोपच्या आपल्या सोसायटीचा कॉम्प्युटरवाला काका होऊन बसला. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाच्या नातवानं काहीतरी भलतंच दाबून ठेवलं, की हाक यायची. "काका, जरा येता का?" पैसे तो घ्यायचा नाही. पोहे खायचा, चहा प्यायचा, आणि घरी येऊन बायकोला सांगायचा, "माझ्याशिवाय कोणाक जमणा नाय गो." ही हाक हीच त्याची कमाई होती. तिच्यावर त्याचं पोट नव्हतं, पण तिच्याशिवाय त्याला जेवणही गोड लागत नसे.

मग समोरच्या विंगमध्ये धम्मपाल खंडारे राहायला आला.

अकोल्याकडचा माणूस. टेलिफोन खात्यातून निवृत्त. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात तो आणि मुलगी तेजल. उंच, सडसडीत, आणि साठी उलटून गेली तरी डोक्यावर काळेभोर केस. रंगवत असणार, अशी बाळची खात्री होती. लिफ्टमध्ये एकदा मुद्दाम मागं उभं राहून त्यानं केसांच्या मुळांशी पांढरं दिसतंय का ते बारकाईनं पाहिलं होतं. दिसलं नाही. तेव्हापासून तर जास्तच ठणकायला लागलं.

कारण हा माणूसही कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. चपला-बिपला काही न काढता, शीळ वाजवत, सीपीयूवर कोपर टेकून गप्पा मारत मारत करायचा. आणि मशीनंसुद्धा मेली अशी, की त्याच्या हाताखाली लगेच चालू व्हायची. पहिल्यांदा तळमजल्यावरच्या चेतनानं त्याला बोलावलं. मग सेक्रेटरीनं. मग बाळ जिन्यात भेटला की लोक म्हणायला लागले, "काका, तुम्हाला कशाला त्रास, खंडारे भाऊंनी करून दिलं." त्रास! जसा काही बाळनं कधी त्रास झाला म्हणून सांगितलं होतं.

हे सगळं बाळनं सोसलं असतं. पण एके दिवशी त्याच्या बायकोच्याही तोंडी ते नाव आलं.

क्षमा माहेरची कुडाळची. नवरा-बायको घरात मालवणीतच बोलायची, आणि भांडायचं असलं तर दुसऱ्या कुठल्याही भाषेत त्यांना जमत नसे. हॉलच्या कोपऱ्यात क्षमाचं भरतकामाचं मशीन होतं. साधं नाही, कॉम्प्युटरचं. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, सुई कुठून कुठं जाणार, धागा कुठं तुटणार हे टाक्याटाक्यानं ठरवायचं, ह्याला धंद्यात पंचिंग म्हणतात; मग ती फाइल पेनड्राइव्हमध्ये घालून मशीनला द्यायची की मशीन खडखडत ब्लाऊजवर मोर उतरवतं. क्षमानं हे पंचिंग भिशीच्या पैशांतून क्लास लावून शिकून घेतलं होतं. बोरीवलीपासून मालाडपर्यंतच्या नवऱ्या मुली तिच्याकडून ब्लाऊज करून घ्यायच्या. पंचिंगचा सगळा पसारा एका जुन्या कॉम्प्युटरवर, जो बाळनंच केव्हातरी सुटे भाग आणून जुळवला होता, विंडोज त्यानंच भरली होती, आणि ज्याच्याकडे बोट दाखवून तो पाहुण्यांना म्हणायचा, "हा अजून टकाटक आहे."

"चेतनाचो कॉम्प्युटर खंडारे भाऊंनी साफ करून दिल्यानी," क्षमा त्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली. "आता आवाज म्हणून येणा नाय. आपलो बघा, गिरण चालू असल्यासारखो."

"मग माका काय साफ करूक येणा नाय?"

"मी असा खय म्हटलंय? मी आपला सांगलंय."

सांगलं ते पुरे झालं. दुपारी क्षमा धागे आणायला मार्केटात गेली तशी बाळनं चपला काढल्या, सीपीयू उघडला, रंगाच्या ब्रशनं धूळ झाडली. आवाज मागच्या पंख्याचा होता. पंख्याला तेल हवं. क्षमाच्या शिलाई मशीनच्या तेलाची लांब नाकाची बाटली समोरच होती. दोन थेंब पुरले असते, हे बाळला कळत होतं. पण खंडारेनं दोन घातले असतील तर आपण चार घालावेत, अशी काहीतरी उबळ आली आणि बाटली जरा जास्तच दाबली गेली. पंखा गुमान फिरायला लागला. आवाज खरोखरच गेला. संध्याकाळी बाळनं क्षमाला मशीनशेजारी उभं करून विचारलं, "आता? येता काय आवाज?"

"नाय येणा," क्षमा म्हणाली. "बरा झाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बटण दाबलं. फट् झालं, मागून निळसर धूर आला आणि जळक्या तेलाचा वास घरभर सुटला. पंख्यातून ओघळलेलं तेल धुळीला घेऊन नको तिथं जाऊन बसलं होतं.

क्षमा ओरडली नाही. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "माझा तेजलचा ब्लाऊज."

तेजलचं, म्हणजे खंडारेच्याच मुलीचं, लग्न रविवारी होतं. बौद्ध पद्धतीनं, पांढरी साडी, पांढरा ब्लाऊज. त्या ब्लाऊजच्या पाठीवर आणि बाह्यांवर क्षमा फिक्या सोनेरी धाग्यात बोधिवृक्षाची पानं काढणार होती. एक पान दुसऱ्यासारखं नाही, प्रत्येकाचा देठ वेगळा वळलेला, शेंडा वेगळ्या बाजूला झुकलेला. खरी पानं आणून, ओट्यावर पसरून, त्यांच्या शिरा बघून तिनं ती पंच केली होती. पाठीचं सगळं झालं होतं, बाह्यांचं निम्मं उरलं होतं, आणि पूर्ण झाल्याशिवाय पेनड्राइव्हमध्ये काही घालायचं नाही ही तिची सवय.

"डिस्क शाबूत असा," बाळ म्हणाला. "मशीन गेला तरी डिस्क जायत नाय. ही डिस्क काढून माझ्या नव्या मशीनीत घालतंय. अर्ध्या तासात तुझा सगळा जसाच्या तसा."

नवा कॉम्प्युटर म्हणजे मुलानं, मिहिरनं, बंगळूरहून बाळच्या वाढदिवसाला पाठवलेला. काळा, चपळ, आवाज नाही, उष्णता नाही. सोसायटीत तसा कुणाकडेच नव्हता, खंडारेकडे तर नाहीच. बाळ त्यावर क्षमानं शिवलेलं झाकण घालून ठेवायचा, आणि कुणी घरी आलं की काहीतरी निमित्तानं ते झाकण काढायचा.

त्यानं जुनी डिस्क काढली, नव्या मशीनला जोडली, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली: चालू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. बाळनं वायर काढून परत लावली. तीच ओळ. वायर बदलली. तीच ओळ. मग मशीन चालू होता होता एक बटण दाबून धरलं की जे सेटिंगचं पान उघडतं, तिथं गेला. पानं उलटत राहिला. जुन्या डिस्कला जुन्या पद्धतीनं वाच, असं सांगायची सोयच त्या नव्या मशीनमध्ये ठेवलेली नव्हती. नव्या जमान्याचं मशीन, मागचं काही ओळखायलाच तयार नाही.

मग त्यानं नव्या मशीनची आपली डिस्क चालू ठेवून जुनी नुसती शेजारी जोडली. आता जुन्या डिस्कमधल्या फाइली दिसल्या. क्षमा पुढं झुकली. "तेजल पान एक. तेजल पान दोन. आसत गो बाय, सगळी आसत!" पण एकही उघडेना. त्या उघडायला पंचिंगचं सॉफ्टवेअर हवं, ते जुन्या विंडोजमध्येच बसलेलं, आणि बसवून देणारा घाटकोपरचा दुकानदार केव्हाच दुकान आवरून गेलेला. सीडी त्यानं कधी हातात दिलीच नव्हती. म्हणजे पानं होती, पण पेटीत कुलपात. कुलूप उघडायचं तर ही डिस्क कुठल्यातरी मशीनमध्ये आपल्या पायांवर उभी राहायला हवी.

"खंडारे भाऊंका विचारू?" क्षमा म्हणाली.

"माका एक दिवस दी."

"आज गुरुवार. दिवस खय आसत?"

"दी म्हटलंय ना!"

बाळ आंघोळीला गेला, डोक्यावर पाणी ओतत विचार करत राहिला, आणि बाहेर येऊन बघतो तर टेबलावर डिस्क नाही, क्षमाही नाही.

तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेला. त्या खिडकीतून समोरच्या विंगमधला खंडारेचा हॉल सरळ दिसायचा. क्षमा खंडारेच्या कॉम्प्युटरसमोर खुर्चीवर बसली होती, आणि तिच्या मागं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तो काळ्या केसांचा उभा होता. बाळनं ओल्या अंगावरच शर्ट चढवला.

"या ना भाऊ, काहून दारात उभे?" खंडारे म्हणाला. "ताईनं सांगतलं मले सगळं. लय वाईट झालं बा. पण डिस्कमध्ये जीव हाय, पाहा."

ताई म्हणतो, हे खरं. पण ताई म्हणताना आवाज कशाला एवढा मऊ करायला हवा?

खंडारेचं मशीन तेजल कॉलेजात असताना घेतलेलं. नवं नाही, अगदी जुनंही नाही. बाळनं चपला काढल्या आणि पुढं येऊन पाहिलं. पडद्यावर विंडोजचं चिन्ह आलं, खाली पट्टी सरकायला लागली. क्षमानं हात जोडले. पट्टी अर्ध्यावर गेली, निळं काहीतरी झर्रकन चमकलं, पडदा काळा पडला आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून चालू झालं. परत चिन्ह, परत पट्टी, परत निळं, परत काळं.

"असंच करून राह्यलं मघापासून," खंडारे म्हणाला. "येते, येते अन् पडते."

आणि बाळला कळलं.

नुसतं सुचलं नाही, कळलं. हे निळं त्यानं कारखान्यातल्या काचेच्या खोलीत पाहिलं होतं. डिस्क वाचायच्या दोन पद्धती, जुनी आणि नवी. ही डिस्क बाळनं भरली त्या काळात विंडोजच्या सीडीला नवी पद्धत समजायची नाही, म्हणून सेटिंगच्या पानावर जाऊन आधी पद्धत जुनी करायची, मगच सीडी पुढं सरकायची. इंजिनियरला तसं करताना पाहून बाळनं घरच्या मशीनवरही तेच केलं होतं. खंडारेच्या मशीनवर पद्धत नवी लावलेली. म्हणून बिचारी डिस्क अर्ध्या वाटेपर्यंत येत होती, आणि आपल्याला वाचणारा भलताच कुणी आहे हे ध्यानात आलं की कोसळत होती. सेटिंगच्या पानावरची एक ओळ बदलायची, की झालं.

तोंड उघडायला तो गेला, आणि थांबला.

कारण पुढचंही त्याला त्याच क्षणी दिसलं होतं. ती ओळ त्याच्या स्वतःच्या नव्या मशीनवर नव्हती. पानंच्या पानं उलटून त्यानं पाहिलं होतं. ती ओळ ह्या मशीनवर असणार. म्हणजे डिस्क चालू होईल ती इथं. खंडारेच्या हॉलमध्ये, खंडारेच्या टेबलावर. आणि जिथं डिस्क तिथं क्षमा. आज बाह्या, उद्या दुसरी कुठली नवरी, परवा तिसरी. क्षमा रोज दुपारी पदर खोचून जिना उतरणार, समोरचा जिना चढणार, आणि हा मागं खुर्चीवर हात ठेवून उभा राहणार.

आपण काही बोललोच नाही तर? डिस्क गेली असं ठरेल. तेजल साधा ब्लाऊज घालेल. जगबुडी होणार नाही. क्षमा चार दिवस उदास राहील, मग तिला आपण नवं सॉफ्टवेअर आणून देऊ, नव्या मशीनवर बसवून देऊ. स्वतः देऊ. बाळनं ओठ मिटून घेतले आणि छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"डिस्कच गेली असंल ताई," खंडारे हळूच म्हणाला. "जाऊ द्या. तेजलले सांगतो मी. साध्या ब्लाऊजात बी चांगलीच दिसंल माझी पोरगी."

"ती चांगलीच दिसेल हो," क्षमा म्हणाली. घराबाहेर ती शहरी बोलायची, पण आवाज आता कुडाळचाच येत होता. "पण मी तिला शब्द दिला होता. आणि ती पानं पुन्हा मला तशी जमायची नाहीत. केली तेव्हा जमली." तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला, आणि परत काढला.

तरी तो पंख्याकडेच बघत राहिला. पाती किती घाण आहेत ह्याच्या पंख्याची, एवढाच विचार त्यानं डोक्यात धरून ठेवला.

"थांबा ताई!" खंडारेनं चुटकी वाजवली. "अंधेरीले माझा दोस्त हाय ना, चंद्रप्रकाश! आमच्या खात्यातलाच. त्याच्या हाताले जादू हाय. मेलेल्या डिस्का उठवते तो. चला, आत्ताच जाऊ."

क्षमाचा चेहरा उजळला. "आत्ता? खरंच?"

"स्कूटर हाय ना खाली. बसा मांगं, लिंक रोडनं अर्ध्या घंट्यात पोचतो."

बाळच्या डोळ्यांसमोर लिंक रोड आला. लिंक रोडवर स्कूटर. स्कूटरवर खंडारे, वाऱ्यानं उडणारे ते न रंगवलेले केस, आणि मागं एका हातानं पदर सावरत दुसऱ्या हातानं कुठंतरी धरून बसलेली क्षमा. लग्नाला इतकी वर्षं झाली, बाळनं तिला रिक्षाशिवाय कशातून नेलं नव्हतं.

"उठ," तो क्षमाला म्हणाला.

"काय झाला?"

"उठ थयसून. माका बसूक दी."

तो खुर्चीवर बसला. मशीन बंद केलं, चालू केलं, बोटानं टकटक बटण दाबत सेटिंगच्या पानावर गेला. तिसऱ्या पानावर ती ओळ होती. असणारच होती. बदलली, साठवलं, बाहेर आला. विंडोजचं चिन्ह आलं. पट्टी सरकली, अर्ध्यावर आली, अर्ध्याच्या पुढं गेली. निळं नाही, काळं नाही. मग पडदा उजळला, अक्षरं भोपळ्याएवढी मोठी, नवीन काय काय सापडल्याच्या सूचना एकामागोमाग एक, आणि त्या सगळ्यांच्या मागं क्षमानं लावलेलं चित्र, तिनं पंच केलेला पहिला मोर, ज्याची मान जरा जास्तच जाड झाली होती.

क्षमानं टाळी वाजवली. "झालं! खंडारे भाऊ, झालं!"

खंडारे भाऊ! बाळनं माउस टेबलावर ठेवला.

"मी काई नाई केलं ताई," खंडारे म्हणाला. "भाऊनं केलं. भाऊ, काय बदललं तुम्ही? दाखवा ना मले. मले तर वाटलं डिस्क खपली." आणि तो खरोखरच वही घेतल्यासारखा वाकून बघायला लागला. हा माणूस श्रेयसुद्धा घेत नव्हता. निदान घेतलं असतं तर त्याच्यावर मनासारखं चिडता आलं असतं.

"ह्यात काय मोठं," बाळ पुटपुटला. "जुनी गोष्ट आहे."

"मग ताई, आता इथंच बसा तुम्ही," खंडारे म्हणाला. "रोज या. घर दिवसभर रिकामंच असते. तेजलची रजा शनिवारपासून, तवर बँकेत, मी एकटा भिताडाकडे पाहत बसतो."

"येईन की," क्षमा म्हणाली.

त्या दिवशी दुपारी ती गेली, शुक्रवारी दुपारी परत गेली. बाळ स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा. ओट्यावर त्याचं ताट झाकून ठेवलेलं, आमटी गार. क्षमा हसायची तेव्हा आधी तिचे खांदे हलायचे आणि मग आवाज यायचा. समोरच्या विंगमधून आवाज काही पोचत नव्हता, नुसते खांदे दिसत होते. खंडारे काहीतरी सांगत होता, हातवारे करून. खांदे हलले. बाळनं आठवून पाहिलं, आपण सांगितलेल्या कशावर हे खांदे शेवटचे कधी हलले होते. आठवेना. पुन्हा हलले. एवढं काय आहे त्या अकोल्यात हसण्यासारखं?

चारच्या सुमारास त्यानं खिडकी लावून घेतली, नव्या मशीनवरचं झाकण काढलं, आपल्या फाइली पेनड्राइव्हमध्ये घेतल्या, एकेक वायर सोडवली आणि ते काळं, चपळ, बिनआवाजाचं मशीन छातीशी धरून जिना उतरला. वाटेत चेतना भेटली. "काका, कुठं बिघडलं?"

"काही बिघडलेलं नाही," बाळ म्हणाला.

खंडारेनं दार उघडलं आणि बघतच राहिला. "भाऊ, हे काय?"

"हे तुम्हाला. तुमचं मला द्या."

"म्हंजे?"

"बदली. तुमचं मशीन, आत क्षमाची डिस्क आहे ते, आमच्याकडे. हे तुमच्याकडे. तुमची डिस्क मी ह्याला शेजारी जोडून देतो, फोटो-बिटो सगळं दिसेल."

"अवो पण हा नवा कोरा हाय! पोरानं पाठवलेला! माझा डबा भंगारात बी कोणी घेणार नाई."

"मला जुनी मशीनं आवडतात," बाळ म्हणाला. "नव्यात काय राम नाही. आणि घरात लग्न आहे ना तुमच्या? आहेर समजा."

खंडारेचे डोळे भरून आले. त्यानं बाळला मशीनसकट मिठी मारली. केसांना कसल्याही रंगाचा वास नव्हता, हे बाळला एवढ्या जवळून मान्य करावं लागलं. आतल्या खुर्चीवरून क्षमा चष्म्याच्या वरून नवऱ्याकडे बघत होती. माउस सोडून तिनं हात मांडीवर ठेवले आणि नुसती बघत राहिली.

संध्याकाळपर्यंत खंडारेचं मशीन तिरोडकरांच्या हॉलमध्ये, जुन्या जागी बसलं. पंखा घुरघुरत होता. बाळनं तेलाच्या बाटलीकडे बघितलंसुद्धा नाही. क्षमानं दोन्ही बाह्या पुऱ्या केल्या, फाइल पेनड्राइव्हमध्ये घातली, पांढरं कापड रिंगेत ताणून बसवलं आणि मशीन चालू केलं. सुई खडखडायला लागली. पहिल्या पानाचा देठ उमटला, मग एक शीर, मग दुसरी. बाळ शेजारी उभा राहून बघत होता. खरंच, पान हवेत हलतंय असं वाटत होतं. मघाशी मशीन घेऊन निघताना सेक्रेटरी खंडारेच्या दारात येऊन काहीतरी विचारत होता. नवं मशीन बघायला आला असणार. बघू दे. बाळला ते बोचत होतं, नाही असं नाही. पण खुर्ची इथं होती, आणि खुर्चीवर क्षमा होती.

"जुनो कॉम्प्युटर होयो होतो," क्षमा सुईवरची नजर न काढता म्हणाली, "तर बाजारात ढिगान गावलो असतो. नवो कित्याक दिलास?"

बाजारातून जुनं मशीन आणता आलं असतं, हे बाळच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तेंका गरज होती," तो म्हणाला.

"खंडारे भाऊंका?"

"हां. पोरीचा लगीन. घरात एक चांगली वस्तू..."

"दोन दुपारी मी थय बसलंय. तुमी खिडकीतून बगलास. दोनय दिवस."

"मी खय? मी आमटी गरम करूक उभो होतंय."

"दोन दिवस आमटी गरम करीत होतास?"

सुई पानाच्या कडेवर वळली. क्षमानं धागा बोटानं जरासा सैल केला. तिचे खांदे हलले, आणि ह्या वेळी बाळला आवाजही ऐकू आला.

"हसतंस काय?" तो म्हणाला.

"काय नाय. खंडारे भाऊ दुपारची चाय आपणच करतत. आला ठेचून घालतत, वर गवती चाय. एकदा नाय, दोनदा दिल्यानी. माझ्या हातात आणून."

मशीन दुसऱ्या पानाकडे वळलं. मग बाळ आत गेला. स्वयंपाकघरात एक डबा उघडल्याचा आवाज आला, मग दुसरा, मग खाली काहीतरी पडलं.

"आला खय ठेवलंस गो?" तो आतून ओरडला.